‘आक्रमण’ की ‘परचक्र’?

शनिवारपेठी : दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं आणि आता जर्मन आपल्याकडे उतरणार, या धास्तीनं ब्रिटननं किनाऱ्यावर काटेरी तारा लावल्या, शेताशेतांत काँक्रीटच्या चौक्या बांधल्या, रस्त्यांवरच्या गावांच्या पाट्यासुद्धा काढल्या. ‘इन्व्हेजन’ला दर वेळी ‘आक्रमण’ लिहून कंटाळलो. ‘स्वारी’ चालेल?

मोडीवाचक : नको. स्वारी, चढाई, मोहीम हे जाणाऱ्याचे शब्द. दसऱ्याला निघायचं, पावसाळ्याआधी परतायचं. ज्याच्या दारात संकट येतं, त्याचा शब्द परचक्र. आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात, दुर्गांचं महत्त्व सांगताना हाच शब्द येतो: गड नसतील तर परचक्र येताच मोकळा मुलूख उघडा पडतो. इथे चक्र म्हणजे चाक नव्हे, सैन्य.

हुरडापार्टी : शब्द भारदस्त आहे, पण कळणार कोणाला? माझ्या मुलाला चक्रीवादळ वाटेल.

मोडीवाचक : वाटू दे, फार चुकला नाही! जुन्या श्लोकात सात ईती सांगितल्यात, म्हणजे पिकावर-प्रजेवर येणारी संकटं: अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट, स्वचक्र, परचक्र. पोपटांना हसू नका, ज्यांची ज्वारी हुरड्यात असते त्यांना विचारा. स्वचक्र म्हणजे आपल्याच फौजांचा उपद्रव. पुण्यानं दोन्ही भोगलं. १७६३ मध्ये निजामअलीनं शहर लुटलं, जाळलं, ते परचक्र. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पाडाव केला, ते पेठेतल्या माणसाच्या लेखी स्वचक्रच.

शनिवारपेठी : परचक्र घेतलं. आता ‘होम गार्ड’. ‘गृहरक्षक दल’ लिहिलं की गणपतीत बंदोबस्ताला उभे असलेले आपले खाकीवाले डोळ्यांपुढे येतात.

हुरडापार्टी : ‘शिबंदी’ लिहा की.

मोडीवाचक : शिबंदी म्हणजे पगारी फौज. हे लोक फुकट राबणारे, दिवसा कामधंदा आणि रात्री पहारा. मे १९४० मध्ये उभे राहिले तेव्हा नाव होतं ‘स्थानिक संरक्षण स्वयंसेवक’. बंदुका पुरेनात, म्हणून लोक एल.डी.व्ही. या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बघा, वाका, पळा’ म्हणून चिडवायचे. चर्चिलच्या आग्रहानं जुलैत ‘होम गार्ड’ झालं. आपलं दल मुंबई प्रांतात १९४६ मध्ये निघालं. तेव्हा ‘होम गार्ड’च ठेवा, कंसात काही नको.

शनिवारपेठी : शेवटचं. चर्चच्या घंटा बंद ठेवल्या होत्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. ‘परचक्राची नौबत’ म्हणू का?

मोडीवाचक : नौबत म्हणजे नगारा, रोज ठरल्या वेळी झडायचा. ‘अशी नौबत आली’ हा अर्थ मागाहूनचा. घंटा मुक्याच राहू द्या.

शनिवारपेठी : ‘घंटा मुक्या केल्या’ छान आहे. शीर्षकात परचक्र टाकतो, पोपटांचं संपादकांना सांगत नाही.