‘वेकफील्ड’ला मराठीत काय लिहावं?

अनुवादिका: प्लाझ्मा प्रवेगकांवरचा, म्हणजे सुट्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या वायूतून (प्लाझ्मातून) कणांना ऊर्जा देणाऱ्या यंत्रांवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘प्लाझ्मा वेकफील्ड’शी गाडी अडली. यंत्रानुवादाने ‘प्लाझ्मा जागृत क्षेत्र’ असं ताटात वाढलं. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अशा प्रयोगाचं नावच ‘अवेक’ (इंग्रजीत ‘जागा’), तेव्हा त्या बिचाऱ्या यंत्राला तरी किती बोलायचं! शिवाय कणांच्या ‘बीम’ला शलाका की झोत? आणि प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ चालेल?

भौतिकवाला: ताई, हा वेक झोपेतून उठण्यातला नाही, बोटीचा आहे. बोट पुढे जाते आणि तिच्या मागे पाण्यात लाटा उठतात, तो. प्लाझ्मात बोटीच्या जागी लेझरचा अतिशय छोटा स्पंद असतो, किंवा वेगवान कणांचा पुंज. तो घुसला की वाटेतले इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात. आयन जड, ते जागचे हलत नाहीत. मग आयनांचा धनभार इलेक्ट्रॉनांना परत ओढतो, ते वेगात येऊन पलीकडे निघून जातात, पुन्हा ओढले जातात. हे हेलकावे म्हणजेच प्लाझ्मातली लाट. ती स्पंदाच्या मागोमाग जवळपास प्रकाशाच्याच वेगाने सरकते, आणि तिच्यात योग्य जागी सोडलेला इलेक्ट्रॉन सतत पुढे ढकलला जातो.

आकडे बघा. घन सेंटिमीटरमध्ये १०^१८ इलेक्ट्रॉन असले तर लाटेची लांबी भरते सुमारे ३३ मायक्रोमीटर आणि विद्युतक्षेत्र जाऊ शकतं मीटरला १०० अब्ज व्होल्टच्या घरात. नेहमीच्या प्रवेगकातल्या धातूच्या पोकळ्यांत मीटरला १० कोटी व्होल्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यापुढे ठिणग्या उडायला लागतात. प्लाझ्मा आधीच फुटलेल्या अणूंचा, त्याचं आणखी काय फुटणार! ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली ती याच जोरावर.

रेवसकर: भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली की मागे जे उठतं त्याला आम्ही सरळ ‘लाँचची लाट’ म्हणतो. छोट्या होडीत असलात तर लाँच निघून गेल्यावर धक्का बसतो, शेजारून जाताना नाही. मी तर ‘मागलाट’ लिहीन.

कोशवाचक: ‘मागलाट’ बोलीत गोड, पण त्यातून पारिभाषिक शब्द पुढे साधत नाहीत. ‘अनुतरंग’ घ्या, मग ‘अनुतरंग क्षेत्र’, ‘अनुतरंगी प्रवेग’ सगळं बनतं.

भौतिकवाला: आणि पहिल्याच मुद्रितशोधनात त्याचा ‘अणुतरंग’ होईल. भौतिकीच्या लेखात हा धोका कोण पत्करणार? माझं मत रेवसकरांच्या बाजूने. फक्त ‘फील्ड’ विसरू नका. ऊर्जा मिळते ती लाटेतल्या विद्युतक्षेत्राकडून, म्हणून पहिल्यांदा ‘मागलाटेचं विद्युतक्षेत्र’, पुढे नुसतं ‘मागलाट’.

‘आयनद्रायू’ला मात्र इथे माझा विरोध. शब्द वाईट नाही, पण या गोष्टीत आयन ढिम्म बसलेले असतात आणि सगळी धावपळ इलेक्ट्रॉनांची. वाचक नको तिकडे बघेल. प्लाझ्माच ठेवा.

कोशवाचक: ‘आयनद्रायू’ हा मराठी विश्वकोशातला शब्द. विश्वकोशाचं कार्यालय वाईत, आणि या क्षेत्रातले एक मोठे प्रयोगकर्ते, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (लॉस एंजेलिस) चंद्रशेखर जोशी, जन्माने वाईचेच. तेव्हा वाईकरांचा शब्द इतक्या झटकन मोडीत काढू नका! पण मुद्दा पटला. मग ‘प्रवेगक’ऐवजी ‘कणवेगवर्धक’ तरी चालेल ना?

भौतिकवाला: तिथे तर मोठीच गंमत आहे. ‘अवेक’मध्ये २०१८ साली सुमारे १९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे कणांच्या ऊर्जेचं माप) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन १० मीटर प्लाझ्मातून २ अब्जांपर्यंत नेले. ऊर्जा शंभरपट. पण आत शिरतानाच त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या ९९.९६ टक्के होता! म्हणजे वेगात वाढ किती, तर चिमूटभर. ‘वेगवर्धक’ रूढ आहे, खुशाल वापरा, पण लेखात एक वाक्य टाका की इथे वाढते ती ऊर्जा. नाहीतर कुणीतरी विचारणारच, प्रकाशाला मागे टाकलं का म्हणून.

अनुवादिका: हे वाक्य टाकतेच. झोत की शलाका राहिलं.

कोशवाचक: शलाका. झोत टॉर्चचा.

रेवसकर: शलाका ऐकली की माझ्या डोळ्यांपुढे सळई येते.

भौतिकवाला: सामान्य वाचकाला झोत बरा. पण प्लाझ्मात जातो तो सलग झोत नव्हे, कणांचे तुटक पुंजके. त्यांना ‘पुंज’ म्हणा. ‘अवेक’मधला प्रोटॉनांचा पुंज काही सेंटिमीटर लांब आणि तिथल्या लाटेची लांबी जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून प्लाझ्मात तो आधी छोट्या छोट्या पुंजांत तुटतो, मग त्या सगळ्यांच्या मिळून लाटा उठतात. हे ‘झोत’ लिहून समजावणं कठीण.

अनुवादिका: आणि पुढचा पुंज ‘ड्रायव्हर’, मागचा ‘विटनेस’? ‘सारथी’ आणि ‘साक्षीदार’ लिहिलंय.

कोशवाचक: सारथी नको. सारथी रथातच बसलेला असतो. इथे पुढचा आपली ऊर्जा लाटेत ओततो आणि मागचा ती उचलतो.

भौतिकवाला: शिवाय कधी दोघे एकाच पुंजातले असतात. स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतला २००७ सालचा निकाल तसाच: ८५ सेंटिमीटर प्लाझ्मात पुंजाच्या पुढच्या इलेक्ट्रॉनांनी ऊर्जा गमावली आणि शेपटातल्या काहींची ४२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून जवळपास दुप्पट झाली. मुळात ती ४२ अब्ज मिळवायला तिथला तीन किलोमीटरचा प्रवेगक लागला होता. तेव्हा ‘चालक’ आणि ‘अनुगामी’ लिहा. साक्षीदार नुसता बघत बसतो, हा तर सगळा मलिदा घेऊन जातो.

अनुवादिका: ‘चालक पुंज’, ‘अनुगामी पुंज’, ‘मागलाट’. संपादकांनी ‘मागलाट’ कापली तर रेवसकरांना पुढे करीन.