पंचेचाळिशीनंतर वजन उतरवायचा उत्साह टिकवलात कसा?

तिसरा_आठवडा:
वय ४७, उंची १५८ सेमी, आजचं वजन ८१. गेल्या सहा वर्षांत तीनदा अगदी जोरात सुरुवात केली, दोनदा सहा-सात किलो उतरलंसुद्धा, पण वर्षाच्या आत सगळं परत आलं आणि मागच्या वेळी तर वर दोन किलो चढलं. दर वेळी गाडी तिसऱ्या आठवड्यातच अडखळते. ऑफिसमधे काहीतरी डेडलाईन येते किंवा घरात कोणी आजारी पडतं, दोन दिवस चालणं चुकतं आणि मग मनच उडतं. गेल्या महिन्यात एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले वजन कमी करा नाहीतर डायबेटिस फार लांब नाही. घाबरले, आणि त्या भीतीवर जेमतेम दहा दिवस चालले. मला डाएट प्लॅन नकोय, ते सगळं पाठ झालंय. ज्यांनी या वयात वजन उतरवलं आणि निदान दोन वर्षं टिकवलं त्यांनी प्लीज सांगा, रोज उठून करावंसं कशामुळे वाटत राहिलं? कपडे, फोटो ही विशीतली कारणं आता मला हलवत नाहीत. की या वयात मेटाबॉलिझमच बसलेला असतो आणि मी उगाच स्वतःला दोष देतेय?

जिना_चढतो:
ताई, मी ५३, ९४ वरून ७९ वर आलो त्याला चार वर्षं झाली. खरं सांगतो, रोज करावंसं वाटत राहिलंच नाही. आजही अर्ध्याअधिक सकाळी वाटत नाही. फरक एवढाच पडला की मी वाटायची वाट बघणं सोडलं. सकाळचा चहा झाला की कप विसळायचा आणि तिथूनच थेट बूट घालायचे, बूट ओट्यापासून चार पावलांवर, मोजे आत कोंबलेलेच. आणि कबूल फक्त दहा मिनिटं. पाऊस असेल तर जिन्यावर वरखाली दहा मिनिटं, ताप असेल तर सुट्टी. बहुतेक दिवशी दहाची तीस होतात पण स्वतःकडून मागणी मात्र दहाचीच ठेवायची.

तुमचा तिसरा आठवडा वाचला आणि आठवलं. सगळे सांगतात २१ दिवसांत सवय लागते, तसं काही नसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांवर हे पाहिलं होतं, रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून नवी सवय लावायची असा तो प्रयोग, २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि फरक केवढा तर १८ ते २५४. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुम्ही हरत नव्हता, सवय अजून कच्ची होती. आणि त्यातलीच माझ्या फार उपयोगाची गोष्ट, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तुम्ही दोन दिवस चुकले म्हणून सगळं सोडता, मीही तेच करायचो. आता एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी काहीही करून ती दहा मिनिटं करतो, मग भले रात्री साडेदहाला.

नव्याने_झोपते:
मेटाबॉलिझमबद्दल लिहिते कारण मी पण वर्षानुवर्षं त्यावरच खापर फोडत होते. २०२१ मधे 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, २९ देशांतले ६,४०० हून जास्त लोक, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचं प्रमाण धरून हिशोब केला तर २० ते ६० या वयात खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच निघाली. मग होतं काय, तर तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, हालचाल कमी होते, झोप मोडते. आणि आपल्या बायकांचं पाळी जायच्या आसपास चरबी पोटाकडे सरकायला लागते, वजन तेवढंच राहिलं तरी कंबर वाढते. त्यामुळे स्वतःला दोष देऊ नकोस पण हातात काही नाही असंही समजू नकोस गं.

आधी थायरॉइड तपासून घे आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखव, स्टेरॉइड, काही डिप्रेशनची औषधं यांनी वजन वाढतं. मग आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. मी खुर्चीपासून सुरू केलं, हात न टेकता बसायचं उठायचं. पहिल्या दिवशी सहाव्याला मांड्या थरथरल्या, हात टेकावाच लागला. माझ्या आईला शेवटची काही वर्षं बाथरूममधून उठवायला दोन माणसं लागायची, मी तिच्या काखेत हात घालून उचलायचे आणि तिला त्याची इतकी लाज वाटायची की ती पाणीच कमी प्यायची. माझं कारण ते आहे. वजनाचा आकडा महिना महिना हलत नाही तेव्हा तो काही देत नाही, पण खुर्चीवरून सहाचे अठरा झाले ते दर आठवड्याला दिसत होतं.

तिसरा_आठवडा:
आईचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मला एक सांगा, किती किलोचं टार्गेट ठेवू? मला ६० व्हायचंय, २१ किलो. ते बघूनच दम लागतो.

सात_टक्के:
६० आत्ता बाजूला ठेवा, कळकळीने सांगतोय. माझंही शुगरचं असंच काठावर होतं. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम म्हणून मोठी चाचणी झाली, निकाल २००२ चा, डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे तीन हजारांवर लोक. एका गटाला उद्दिष्ट दिलं ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ८१ चे ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो. तेवढं तर तुम्ही दोनदा करून दाखवलंयत! तिथे पोचलात की पुढचे सहा महिने फक्त तिथेच राहायची प्रॅक्टिस करा, खाली जायची घाई नको. आपण सगळे उतरवायला शिकतो आणि राहायला शिकतच नाही, माझी तरी दोन वर्षं त्यातच गेली.

आणि हो, वजन कमी करायची इंजेक्शनं कोणीतरी सुचवेलच. डॉक्टर म्हणाले तर जरूर विचार करा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत येतं, म्हणजे ही सवय तेव्हाही लागणारच आहे.

जिना_चढतो:
७५ लिहून फ्रिजवर लावा.

तिसरा_आठवडा:
अठ्ठावीस दिवस झाले म्हणून लिहायला आले. थायरॉइड नॉर्मल आहे. वजन ७९.८, फार नाही. पाच दिवस चुकले, त्यातले दोन लागोपाठ कारण मुलाला ताप होता, तिसऱ्या दिवशी रात्री दहाला पॅसेजमधे दहा मिनिटं चालले आणि तो विचारत होता आई काय करतेयस. खुर्चीवरून अकरा होतात, हात न टेकता.