ट्रायम्फ टीआर३ए: डब्यात सापडलेलं पितळी कडं कशाचं? आणि तसा थर्मोस्टॅट आता शोधायचा कसा?

चाकवेडा:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९५९ ची ट्रायम्फ टीआर३ए आहे, १९९१ सीसीचं मूळ इंजिन. गाडी काकांची, ते गेल्यावर माझ्याकडे आली. सपाट रस्त्यावर छान चालते. लांब चढण लागली की पाण्याच्या तापमानाचा काटा ८५ अंशांवरून उठतो आणि शंभरी ओलांडतो. रेडिएटर उघडून साफ करून घेतला, पंपाचं बेअरिंग आणि सील नवं टाकलं, पट्टा बदलला, टायमिंग दोनदा तपासलं. काही फरक नाही. मला कळत नाही ते हे की काटा शंभरावर असताना रेडिएटरचा खालचा होस पाईप हाताला जेमतेम कोमट लागतो.

काल काकांच्या सामानात पत्र्याचा एक डबा मिळाला. आत फडक्यात गुंडाळलेला एक पितळी भाग. वर थर्मोस्टॅटसारखी गोल कडा आणि झडप, मधे बाजाच्या पेटीसारखा घड्यांचा भाता, आणि भोवती पाऊण इंच उंचीचं पातळ कडं. झडप बोटाने हलवली की कडंही सोबत सरकतं. कडेवर 'स्मिथ्स' आणि ७० एवढंच वाचता येतं. भाता एका घडीवर चिरलाय. गाडीत सध्या नवा थर्मोस्टॅट आहे, त्याला असं कडं नाही. दुकानदार म्हणाला होता, हाच बसतो. आणि बसलाही.

रस्ताभर:
थर्मोस्टॅट काढूनच टाका की. माझ्या गाडीत सहा वर्षं नाहीये, काही बिघडलं नाही.

जुनाबोनेट:
रस्ताभर, तुमच्या गाडीत चालत असेल. टीआरच्या या इंजिनात ते करू नका, उलट जास्त तापेल. कारण त्या कड्यातच आहे.

चाकवेडा, डबा जपून ठेवा. थर्मोस्टॅटच्या घरातून एक वाट थेट पंपाकडे जाते, बायपासची. इंजिन थंड असताना झडप बंद असते, तेव्हा पाणी या वाटेने आतल्या आत फिरतं, नाहीतर हेडमध्ये एखाद्या कोपऱ्यात वाफ धरेल. पाणी तापलं की भाता ताणला जातो, झडप उघडते आणि त्याच हालचालीत कडं सरकून बायपासचं तोंड झाकतं. आता सगळ्या पाण्याला रेडिएटरमधूनच जावं लागतं. तुमच्या नव्या थर्मोस्टॅटला कडं नाही. तो वेळेवर उघडतो, पण बायपासही उघडाच राहतो, आणि पाणी सोपी वाट धरतं. गरम पाण्यातला मोठा वाटा रेडिएटर न पाहताच परत इंजिनात. म्हणून तुमचा खालचा पाईप कोमट. सपाटीवर एवढ्यावर भागतं, चढणीवर भागत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकला तरी बायपास तसाच उघडा, म्हणून तो उपाय इथे चालत नाही.

'बसतो' या शब्दाने जुन्या गाड्यांचं फार नुकसान केलंय. भाग जागेवर बसणं आणि त्याने तिथलं काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शोध घेण्याआधी व्हर्नियर काढा. कडेचा बाहेरचा व्यास, कडेची जाडी, कड्याचा व्यास, आणि कडेपासून कड्याच्या खालच्या टोकापर्यंतची उंची. मग घर उघडून बायपासच्या भोकाची वरची आणि खालची बाजू बसण्याच्या खाचेपासून किती अंतरावर आहे ते मोजा. ही शेवटची मापं बहुतेक जण घेत नाहीत, आणि खरी गरज त्यांचीच असते. असे कड्याचे थर्मोस्टॅट जॅग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनांतही होते. दिसायला सारखे दिसतील, पण कडं तुमच्या भोकापर्यंत पोचतं का, हे आकडेच सांगतील.

नंबर शोधायचा तो स्टॅनपार्टच्या, म्हणजे स्टँडर्ड-ट्रायम्फच्याच, चित्रांच्या पार्ट्स कॅटलॉगमधून. ओतीव भागावर उठावदार असलेला आकडा घेऊ नका. मी एकदा पंपाच्या अंगावरचा आकडा लिहून पाठवला, दोन महिने वाट पाहिली आणि आला तो भलत्याच भोकांचा पंप. तो ओतकामाचा नंबर होता. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळं यंत्रकाम करून दोन निराळे भाग तयार होतात, आणि पार्ट नंबर त्यानंतर पडतो. आजही ते पाकीट फोडताना काय वाटलं ते आठवतं.

जुना, न वापरलेला भात्याचा मिळाला तर थेट गाडीत टाकू नका. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगा, थर्मामीटरही तळाला टेकू देऊ नका, आणि मंद आच ठेवा. ७० च्या आसपास झडप हलू लागेल. पाणी अजून तापवा, आणि झडप पुरती उघडल्यावर कडं किती सरकलं ते मोजा. तेवढ्या सरकण्याने तुमचं भोक झाकलं जात असेल तरच घ्या. थंड असतानाच झडप उघडी दिसली तर भात्यातली निर्वात पोकळी गेली, तो परत करा. तुमच्या डब्यातल्याचंही तेच झालंय. भाता फुटला की झडप उघडी राहते, इंजिन थंड धावतं पण जळत नाही. मेणाचे, म्हणजे भात्याऐवजी आतलं मेण तापून फुगल्यावर उघडणारे थर्मोस्टॅट, बिघडले की बहुधा बंद अडकतात.

आता कोणी कोणी मेणाचे, पण कडं असलेलेही बनवतात. मापं जुळली तर मी तोच घेईन.

डाखकाम:
मिळेपर्यंत चढणीवर जायचंच असेल तर बायपासच्या होसमध्ये तांब्याची चकती बसवा, मधोमध ६ मिमीचं भोक पाडून. भोक पूर्ण बुजवू नका, जुनाबोनेटनी वाफेचं सांगितलंच आहे. चकती दोन क्लिपांच्या मधे घट्ट हवी, सुटली तर पंपाच्या पात्यांत जाईल.

आणि रेडिएटरची कॅप कुठली आहे? मानेच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंतची खोली मोजा. एक इंची मानेवर पाऊण इंची कॅप लावली तर ती वरून आवळली जाते, पण आतलं रबर बैठकीला टेकतच नाही आणि दाब शून्य. ४ पौंडांचा दाब धरला तर साधं पाणी सुमारे १०७ अंशांना उकळतं. दाब नसेल तर शंभरालाच.

चाकवेडा:
मान २५ मिमी, कॅप १९. कॅपवर ४ छापलेलं आहे, रबराला बैठकीची खूणसुद्धा पडलेली नाही. म्हणजे इतके दिवस दाब नव्हताच.

बायपासच्या भोकाची वरची बाजू खाचेपासून १४ मिमी, खालची २६. काकांचं कडं बोटाने पूर्ण सरकवलं तर २७ पर्यंत जातं. चकती आज लेथवर कापून घेतो. कॅटलॉगचं पान सापडलं की मापांसकट इथे टाकतो.

जुनाबोनेट:
२७ म्हणजे जेमतेम १ मिमी जास्त. नवा घेताना यापेक्षा कमी अजिबात घेऊ नका. आणि काकांचा फेकू नका, विक्रेत्याला फोटो पाठवताना शेजारी ठेवायला लागेल.