जुलैतली मॉरिशस सहल : हॉटेलआधी किनारा ठरवा

प्रेषक: मेधा
विषय: मॉरिशस सहल, तारखा आणि हॉटेल

नमस्कार मंडळी,

शाळा सुटल्या की जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॉरिशसला जायचं, यावर आपल्या दुबईतल्या सहा घरांचा होकार आला आहे. मुलं आणि ज्येष्ठ मंडळी धरून तेवीस डोकी. दुबईहून थेट विमान आहे, साधारण साडेसहा तासांचं, आणि घड्याळ बदलायला नको, कारण दोन्हीकडची वेळ एकच. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा, शिक्का तिथे उतरल्यावर मिळतो. ऑनलाइन प्रवासफॉर्म मात्र प्रत्येकाचा वेगळा भरायचा आहे.

आता प्रश्न हॉटेलचा. सगळे एकाच ठिकाणी उतरणार हे नक्की. कुणाकडे चांगले क्वोट असतील तर गुरुवारपर्यंत पाठवा. गुरुवारनंतरच्या मेल वाचणार नाही असं लिहिणार होते, पण तुम्ही पाठवणार आणि मी वाचणार, हे दरवर्षीचंच आहे.

मेधा

*

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: मॉरिशस सहल, तारखा आणि हॉटेल

मेधाताई, काम झालं समजा. बेल मारला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर, एक पंचतारांकित रिसॉर्ट आहे. सात रात्री, ऑल इन्क्लुझिव्ह, बारा वर्षांखालची मुलं फुकट. पश्चिमेकडच्या तशाच हॉटेलांपेक्षा रेट बराच खाली आहे. फोटो जोडलेत, वाळू बघा नुसती. ट्रॅव्हलवाला म्हणतो ऑफर परवापर्यंतच. ॲडव्हान्स भरून टाकू का?

शिरीष

*

प्रेषक: अमेय
विषय: उत्तर: उत्तर: मॉरिशस सहल, तारखा आणि हॉटेल

शिरीषदादा, थांबा, पैसे भरू नका.

दुबईला येण्याआधी मी मॉरिशसमध्येच, एबेनला नोकरीला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रेट खाली का आहे ते आधी बघू. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्या जुलैत तिथे हिवाळा. किनाऱ्यावर दुपारी तेवीस-चोवीस अंश, रात्री सतरा-अठरा. इथल्या पंचेचाळीसमधून सुटलेल्या माणसाला ते सुखाचंच वाटेल. अडचण थंडीची नाही, वाऱ्याची आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जून ते सप्टेंबर सगळ्यांत जोरात असतात आणि पूर्व किनारा बरोबर त्यांच्या तोंडावर येतो. त्या दिवसांत बेल मारला खुर्चीवर टाकलेला टॉवेल सांभाळायला एक माणूस लागतो. मुलं पाण्यातून बाहेर आली की कुडकुडतात आणि आज्या दुपारी तीनलाच खोलीत जाऊन बसतात. ब्रोशरमधले फोटो डिसेंबरचे असतात.

यात गूढ काही नाही, सह्याद्रीचा जो हिशेब तोच इथला, फक्त दिशा उलट्या. वारा पूर्वेकडून येतो, मधल्या पठारावर चढतो आणि ढग तिथे रिकामे करतो. क्युरपीप आणि व्हाक्वा ही गावं त्या पठारावरची. जुलैत तिथे दिवसदिवस भुरभुर चालते, लोक स्वेटर घालून बसची वाट बघतात. पश्चिमेला उतरेपर्यंत हवा कोरडी होते. अर्ध्या तासाच्या अंतरात छत्री मिटून गॉगल चढवायचा. उण्यापुऱ्या पासष्ट किलोमीटर लांबीच्या बेटावर हे असं आहे, म्हणून तिथे हॉटेल निवडण्याआधी महिना बघून किनारा निवडतात. हीच सहल डिसेंबरात असती तर उलट मीच म्हटलं असतं की पूर्वेला जा, तिथला वारा त्या उकाड्यात हवाहवासा वाटतो. जानेवारी ते मार्च मात्र चक्रीवादळांचा ऐन मोसम, तेव्हा कुठलाच किनारा नको.

तर जुलैसाठी पश्चिम. त्यातही फ्लिक-आँ-फ्लाक आणि त्याला लागून दक्षिणेचा वोल्मारचा पट्टा. नकाशात ल मोर्नचा डोंगरही पश्चिमेलाच दिसेल, पण त्या टोकाला वळसा घालून वारा आत शिरतो. काइटसर्फिंगवाले जगभरातून तिथे उगाच येत नाहीत. डोंगर बघायला जरूर जाऊ. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांमध्ये लपायचे, आणि 2008 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पण तिथे मुक्काम नको. उत्तरेचं ग्राँ बे आणि त्रू-ओ-बीशही चालेल, वारा तिथे मध्यम असतो, बाजारहाट जवळ. माझं मत तरी फ्लिक-आँ-फ्लाकला. विमानतळ आग्नेय टोकाला आहे, तिथून तासभर तरी लागेल. जुलैत ऊसतोड सुरू असते, पुढे उसाचा ट्रक लागला तर जास्त.

पंचतारांकितचा आग्रहही सोडू या असं सुचवतो. मॉरिशसमध्ये किनारा सार्वजनिक आहे. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कुणाच्याही मालकीची नाही, मग मागे कितीही भारी रिसॉर्ट असो. त्यांच्या खुर्च्या त्यांच्या, समुद्र सगळ्यांचा. रस्त्यापलीकडे स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंटं मिळतात, तीन-तीन खोल्यांची. सहा घरांना चार पुरतील. रविवारी फ्लिक-आँ-फ्लाकच्या सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं पातेली घेऊन उतरतात, बिर्याणी, ढोलकं, आजोबांसाठी घडीची खुर्ची. रिसॉर्टच्या कुंपणाआत बसून हे दिसत नाही.

पोहण्याबद्दल. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतलं पाणी शांत आणि उथळ. पण ती सलग नाही. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट कड्यावर आपटतात. तिथे बघायचं, पाण्यात पाय घालायचा नाही. बाकी ठिकाणीही अनवाणी उतरू नका. काटेरी समुद्री साळू असतात आणि विषारी काट्यांचा दगडमासा तर दगडासारखाच दिसतो. प्रत्येकासाठी पाण्यात घालायचे रबरी बूट इथूनच घ्या.

अमेय

*

प्रेषक: शिरीष

पटतंय, पण ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे डोक्याला ताप नाही हो. अपार्टमेंट घेतलं की बायका तिथेही पोळ्याच लाटणार.

*

प्रेषक: रोहिणी

शिरीषदादा, पोळ्या तुम्ही लाटा, आम्ही समुद्रावर जातो. सुट्टी सगळ्यांची आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. सासूसासरे जूनमध्ये पुण्याहून आमच्याकडे येतायत, त्यांना बरोबर घ्यायचंय. काही अडचण येईल का?

रोहिणी

*

प्रेषक: मेधा

रोहिणी, बरं झालं विचारलंस. त्यांचा इथला व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर मॉरिशसला जाताना तो संपला. परत दुबईत यायला नवा काढावा लागेल. बऱ्याच जणांच्या हे विमानतळावर लक्षात येतं. एक तर अनेक प्रवेशांचा व्हिसा काढ. नाहीतर सोपा मार्ग म्हणजे त्यांनी इथे राहून झालं की मॉरिशस आमच्याबरोबर करायचं आणि तिथूनच मुंबईला परत जायचं. एअर मॉरिशसचं थेट विमान आहे. दोन्हीचा खर्च काढून बघ.

आणखी एक खर्च सगळ्यांनी धरा. 2025 च्या ऑक्टोबरपासून परदेशी पाहुण्यांना दर रात्री माणशी तीन युरो कर आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही.

मेधा

*

प्रेषक: नंदाकाकू

मेधा, अमेय,

मी आणि हे दोघंही शाकाहारी, हे कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात खात नाहीत. सात दिवस ब्रेड-बटर खाऊन राहायचं का? थोडा कढीपत्ता, लिंबं, आलं, ओला नारळ बरोबर घेऊ म्हणते. शिवाय तिथे आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत असं ऐकलंय, त्यांचं काही बघायला मिळेल का? नुसतं पाण्यात डुंबायला मला काही एवढं लांब यायचं नाही.

काकू

*

प्रेषक: अमेय

काकू, कढीपत्ता आणि लिंबं घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं परवानगीशिवाय आत नेता येत नाहीत, बॅग उघडून काढून घेतील. आलं, कोथिंबीर, नारळ सगळं तिथल्या बाजारात मिळतं. काकांची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात आणा. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध याबाबत तिथला कायदा कडक आहे.

ब्रेड-बटरची वेळ येणार नाही. रस्त्यावर काचेच्या पेटीतून धोल पुरी विकतात. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली, रुमालाइतकी मऊ पोळी. ती कायम जोडीनं देतात, एक मागितली तरी दोन. आत पांढऱ्या मोठ्या वालांची रस्साभाजी, रूगाय म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा, लोणचं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरची विचारूनच घाला म्हणावं, ते हात सैल सोडतात. भाजीत कांदा-लसूण असतो, तेव्हा काकांसाठी नुसती पोळी मागून घ्या आणि भाजी आपली. एवढ्यासाठी तरी अपार्टमेंटचा ओटा हवाच, काय शिरीषदादा? डाळीचे तिखट वडेही मिळतात, सकाळी पावात घालून खातात. दुपारी बाजारात अलूदा, म्हणजे सब्जा घातलेलं थंड दूध.

आता आपल्या माणसांबद्दल. ती हौसेनं गेलेली नव्हेत, ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवू. इंग्रजांनी गुलामी बंद केल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून 1834 पासून करारावर हिंदुस्थानातून माणसं नेली. बिहारकडची सर्वांत जास्त, ती कलकत्त्याहून. तमिळ आणि तेलुगू मद्रासहून, आणि आपली, त्यात कोकणातली बरीच, मुंबईहून. पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे. उतरलेला माणूस ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर यायचा, त्या अजून जागेवर आहेत. 2006 मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे त्या काळच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. नाव, वय, गाव, जहाज. मराठीही शिकवतात.

जाऊन मराठीत गप्पा मारू अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलतात. मराठी शाळेत, देवळात आणि आरतीत. पण गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि झाकरी नाचतात ती आपल्या कोकणातल्या जाखडीच्या घरातलीच. आपल्याकडे शहरात किती जणांनी जाखडी पाहिलीय? आपण जुलैत जातोय म्हणून गणपती हुकतील, याचं मला वाईट वाटतं. पण सप्टेंबरात शाळा कोण बुडवणार! मोका गावातच मराठी मंडळींच्या केंद्रात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, 2023 मध्ये बसवलेला. तिथे आधी फोन करून जाऊ.

काकांना गंगा तलावही आवडेल. पठारावर ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, काठावर देवळं, आणि 108 फुटी मंगल महादेव. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावड घेऊन चालत येतात. जुलैत शांत असतं, थंडही असतं, काकांना कानटोपी द्या. प्रसादाची पिशवी हातात मोकळी धरू नका, माकडं झडप घालतात. त्याच दिवशी पुढे शामारेलची सात रंगांची माती होते. लवकर निघायला हवं, कारण जुलैत सहाच्या आतच सूर्य मावळतो.

डॉल्फिनबरोबर पोहण्याची बोट कुणी सुचवेल, मी येणार नाही. तामारँच्या खाडीत सकाळी एकेका कळपामागे इतक्या बोटी लागतात की बघवत नाही. त्यापेक्षा जुलैपासून पश्चिमेच्या खोल पाण्यात देवमासे येतात, ते लांबून बघू.

अमेय

*

प्रेषक: मेधा
विषय: मॉरिशस सहल, ठरलं

मंडळी,

फ्लिक-आँ-फ्लाकला चार अपार्टमेंटं, समुद्रापासून रस्ता ओलांडला की झालं. रात्रीचं जेवण तीनदा बाहेर, बाकी घरी. ओट्याची पाळी पुरुषांपासून सुरू, यादी रोहिणी करतेय. फिरायला दोन व्हॅन पूर्ण दिवसाच्या बोलीवर. टॅक्सी मीटरवर चालेल असं गृहीत धरू नका, बसण्याआधी भाडं ठरवायचं. इल-ओ-सेर्फ हे छोटं बेट पूर्वेला आहे, तिथला दिवस आत्ताच बांधून टाकायचा नाही. वारा पडलेला दिसेल त्या सकाळी निघू.

शिरीषदादा, ट्रॅव्हलवाल्याला नाही म्हणून कळवा. पासपोर्टच्या प्रती आणि पहिला हप्ता रविवारपर्यंत.

मेधा

*

प्रेषक: शिरीष

कळवलं. त्यानं लगेच पश्चिमेचा क्वोट पाठवलाय, पण तो मी इथे टाकत नाही. आमचे चार पासपोर्ट जोडलेत. धाकट्याचा ऑक्टोबरात संपतोय, तो आधी नवा करून घेऊ का?

*

प्रेषक: मेधा

हो, आजच अर्ज करा.