'सेट' या शब्दाचे नक्की अर्थ तरी किती?

वरणभात_लिंबू:
मुलगी नववीत, सेमी इंग्लिश. गणिताचा पहिलाच धडा सेट्स, म्हणजे आपला संच. तिथवर ठीक होतं. मग इंग्लिशच्या पुस्तकात द सन सेट्स आलं, टीव्हीवर टेनिसचा सेट, यूट्यूबवरच्या बाई म्हणतात बर्फी दोन तास सेट करायला ठेवा आणि माझी जाऊबाई म्हणते धाकटा कॅनडात सेट झाला. काल पोरीने वैतागून विचारलं, आई याचा एक काय तो अर्थ सांग ना, मी पाठ करते. मी डिक्शनरी उघडली तर पानंच्या पानं, बंद करून ठेवली. एवढे अर्थ एका तीन अक्षरी शब्दाला कसे काय? काही धागा आहे का यात की सगळंच पाठांतर?

गुळपोळी:
पाठ करायला लावू नका हो बिचारीला. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची १९८९ ची वीस खंडी आवृत्ती आहे त्यात नुसत्या 'सेट' क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत, त्या एका नोंदीचा मजकूरच साधारण ६०,००० शब्दांचा, म्हणजे एक छोटी कादंबरी झाली. गिनीज बुकात नोंद होती. नंतर म्हणे 'रन'ने मागे टाकलं, त्याचे ६४५ झाले. क्रिकेटवाल्यांचं काम असणार :)

पारावरचा_मास्तर:
ताई, धागा आहे, आणि तो मराठीत छान सापडतो. इंग्लिशमध्ये सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे मुळात बसवणे, झालं. जुन्या इंग्लिशमधला 'सेत्तान' हा 'बसायला लावणे' याच अर्थाचा. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे असतं ना तशीच जोडी, त्यांच्याकडेही फॉल-फेल आहे, झाड फेल करणे म्हणजे झाड पाडणे. परीक्षेतलं फेल ते वेगळं, ते यात धरू नका.

आता मुलीला 'बसवणे' हा शब्द हातात द्या आणि बघा किती दारं उघडतात. मोडलेलं हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. अंगठीत खडा सेट करतात, आपण बसवतो. गाण्याला चाल बसवतो, नाटक बसवतो, गणपतीसुद्धा बसवतो (त्याला मात्र सेट म्हणू नका, आजी ओरडेल). इंग्रज काही वेगळं करत नाहीये, फक्त आपल्याला आपलं बसवणे दिसत नाही कारण ते रोजचं आहे. 'बस' या धातूचे अर्थ मोजायला बसलात तर (हे बघा, परत आलं) धक्का बसतो, विश्वास बसतो, घसा बसतो.

संस्कृतचा 'सद्' आणि इंग्लिशचा सिट हे एकाच मुळाचे. आपलं बसणे मात्र त्यातलं नाही, ते उपविश पासून, जुन्या मराठीत बैसणे.

आणि हो, गणितातला सेट, टेनिसचा सेट, कपबशांचा सेट हा मुळात निराळ्या घरचा आहे. लॅटिन 'सेक्ता' म्हणजे अनुयायांचा गट, पंथ, तो फ्रेंचमधून आला. दिसायला सारखा म्हणून दोघं एकमेकांत इतके मिसळले की आता वेगळे करता येत नाहीत.

सळई_सिमेंट:
मास्तर, सगळं बसवण्यात नका बसवू. मी साइटवरचा माणूस. सिमेंट सेट होतं तेव्हा कोणी बसवत नाही, ते आपोआप आवळत जातं. साध्या सिमेंटचं इनिशियल सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि फायनल ६०० मिनिटांच्या आत व्हायलाच पाहिजे असा नियम आहे. तरी नवीन पोरं सेट झालं म्हणजे मजबूत झालं समजतात, ताकद बघायला २८ दिवस थांबावं लागतं राव.

गुळपोळी:
याच्यावरून आठवलं, बर्फीचं पण तेच आणि इथे मराठी जास्त श्रीमंत आहे असं माझं मत. दही लागतं, तूप थिजतं, पिठलं आळतं. इंग्लिशमध्ये दही पण सेट आणि जेली पण सेट. आणि आता आपणच सगळ्याला सेट म्हणायला लागलोय, माझी सून परवा म्हणाली आई दही सेट झालं नाही. मी म्हटलं विरजण कमी पडलं असेल.

चहा_कटिंग:
'सेटिंग लावली' कोणी घेतलंच नाही. ऑफिसात बदली सेटिंगशिवाय होत नाही, हा अर्थ त्या वीस खंडात असेल का? आणि सेट नेट मधला सेट यात मोजू नका, ती प्राध्यापकांची परीक्षा, तो शब्द नाही आद्याक्षरं आहेत.

वरणभात_लिंबू:
सगळ्यांना धन्यवाद! मास्तर, बसवणे एकदम पटलं तिला, रात्री स्वतःच म्हणाली घड्याळात गजर पण सेट करतो म्हणजे बसवतोच की. पेपर सेट करणे म्हणजे पेपर काढणे हे पण तिनेच सांगितलं, त्यात बसवणे कसं येतं यावर अर्धा तास वाद. शेवटी कंपासपेटी उघडून गुण्या काढला आणि विचारते, याला सेट स्क्वेअर म्हणतात, मग हा सेट कुठल्या घरचा, बसवण्यातला का कपबशांचा? मी म्हटलं बाबा येऊ दे.