शब्दचर्चा : ‘इंडोलंट’ म्हणजे आळशी का? आणि ‘प्रॉग्नोसिस’ला काय म्हणायचं?

कोरा कागद
मंडळी, अडलोय. माझ्या आत्याच्या (वय ६३) मानेत गाठ आली. सुरुवातीला टीबी धरून चार महिने गोळ्या झाल्या, पण गाठ जागची हलेना. मग काढून तपासली. रिपोर्टात ‘फॉलिक्युलर लिम्फोमा’ (लसिका ग्रंथींचा एक कर्करोग) आहे, त्याच्यापुढे ‘इंडोलंट’. फाइलवर डॉक्टरांनी हाताने लिहिलंय, ‘स्टेज ३, हिमोग्लोबिन ११.४, फ्लिपी ३, हाय रिस्क’. आणि एवढं सगळं लिहून सल्ला काय, तर सध्या औषध नको, तीन महिन्यांनी या.

आत्येभाऊ म्हणाला, आईसाठी मराठीत पानभर लिहून दे. आत्या दहावी झालेली, पेपर मास्टहेडपासून निविदा सूचनांपर्यंत वाचणारी. तिच्यापासून काही लपत नाही आणि लपवायचंही नाही. मी कोश उघडून पहिलंच वाक्य लिहिलं, ‘हा आळशी प्रकारचा कर्करोग आहे.’ भाऊ हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, ‘आळशी आहे तर हाय रिस्क कसा? आणि हाय रिस्क आहे तर औषध का नाही?’

‘प्रॉग्नोसिस’ला (आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज) परिभाषा कोशातला ‘पूर्वानुमान’ घातला, तर ते थेट हवामान खात्याचं पत्रक वाटायला लागलं. विदर्भात तुरळक ठिकाणी लिम्फोमा. सुचवा काहीतरी.

तिरफळ
‘आळशी’ आधी खोडा. इंडोलंट मुळात लॅटिन. ‘डोलोर’ म्हणजे वेदना, तिचा नकार म्हणजे इंडोलंट. वैद्यकात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ ‘न दुखणारी’ असाच होता, न दुखणारी गाठ, न दुखणारा व्रण. ज्याला कशाचाच त्रास नाही तो हळूहळू सुस्त ठरला आणि सुस्त माणूस आळशी. शब्दाची घसरण आहे ही, आपण तिच्या तळाशी जाऊन भाषांतर करतोय.

आपल्याकडे दुखणारी आणि न दुखणारी गाठ हा फरक घराघरात माहीत आहे. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, ठणकते, त्याला ‘अवधान आलं’ म्हणतात (काही ठिकाणी अवधाण). ते चार दिवसांत बसतं. मानेत माळेसारख्या गाठी झाल्या की गंडमाळ. न दुखणारी, नुसती असणारी गाठ मात्र कुणी मनावर घेत नाही.

रानवाट
आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाने हा प्रश्न कधीच सोडवलाय. ॲग्रेसिव्ह म्हणजे जहाल, इंडोलंट म्हणजे मवाळ. १९०७ ला सुरतेत फूट पडली ती याच दोन गटांत. ‘मवाळ लिम्फोमा’. ऐकायला पण बरा वाटतो.

सूक्ष्मदर्शी
रानवाट, तुम्ही गमतीने बोललात पण शब्द चांगला सापडलाय. मी दिवसभर स्लाइड बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांपैकी आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. ‘सौम्य’ हा शब्द कृपा करून कुणी सुचवू नका. बिनाइन गाठीला आपण सौम्य म्हणतो, म्हणजे कर्करोग नसलेली. हा कर्करोगच आहे. ‘मवाळ’ने वेग आणि स्वभाव कळतो, जात बदलत नाही. शिवाय मवाळ माणूस जहाल होऊ शकतो हे शब्दातच आहे. फॉलिक्युलरचं दर वर्षी साधारण शंभरात दोन-तीन रुग्णांत जलद वाढणाऱ्या लिम्फोमात रूपांतर होतं.

यातली उलटी गंमत अशी की जहाल प्रकार बऱ्याच जणांत औषधांनी मुळापासून जातो. मवाळ पसरलेला असेल तर सहसा पुरता जात नाही. दबतो, पुन्हा डोकं काढतो. वाढणाऱ्या पेशींवर औषधाचा घाव बसतो, निवांत बसलेल्या निसटतात. त्यामुळे ‘मवाळ’ला जोडून ‘चिवट’ लिहा, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट, तुमच्या भावाचा प्रश्न. एकाच कागदावर ‘इंडोलंट’ आणि ‘हाय रिस्क’ दोन्ही आहेत कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. इंडोलंट हे आजाराच्या जातीचं वर्णन. हाय रिस्क म्हणजे त्याच जातीच्या रुग्णांमध्ये तुलनेने वरच्या जोखमीचा गट. फ्लिपी ही या आजाराची जोखीम मोजायची गुणपद्धत, २००४ मध्ये आली. पाच गोष्टी बघतात : वय ६० च्या वर, स्टेज ३ किंवा ४, हिमोग्लोबिन १२ च्या खाली, चारपेक्षा जास्त जागी गाठी, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलेलं. प्रत्येकाला एक गुण. शून्य-एक कमी जोखीम, दोन मध्यम, तीन आणि वर जास्त. तुमच्या आत्याबाईंचे तीन गुण कुठून आले ते तुमच्याच पोस्टमध्ये आहे : वय, स्टेज, हिमोग्लोबिन.

रानवाट
पाच अंगं? तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. हे तर पंचांग झालं हो.

सूक्ष्मदर्शी
झालं खरं, आणि पंचांगासारखंच ते कोणत्या सालचं हेही बघावं लागतं. फ्लिपी ज्या ४,१६७ रुग्णांवरून बांधली त्यांचं निदान १९८५ ते १९९२ मधलं. त्यात जास्त जोखमीच्या गटातले सुमारे ५३ टक्के पाच वर्षांनी आणि सुमारे ३६ टक्के दहा वर्षांनी जिवंत होते. कमी जोखमीच्या गटात हेच आकडे ९१ आणि ७१. पण रिटुक्सिमॅब, म्हणजे या आजारावरचं आजचं औषध, अमेरिकेत मंजूर झालं नोव्हेंबर १९९७ मध्ये. त्या ४,१६७ जणांना पहिल्या उपचारात ते मिळालेलंच नाही. गटांची उतरंड आजही टिकते, पण टक्के जुने आहेत. आत्याबाईंच्या पानावर ते लिहिणार असाल तर साल लिहिल्याशिवाय लिहू नका.

आणि औषध कधी सुरू करायचं हे फ्लिपी ठरवत नाही. त्याला आजाराचा भार बघतात : सात सेंटिमीटरच्या वरची गाठ, तीन सेंटिमीटरच्या वरच्या तीन गाठी, ताप-घाम-वजन घटणं, कुठल्या अवयवावर दाब. यातलं काही नसेल तर थांबणं हाच रुळलेला सल्ला. ब्रिटनमध्ये ३०९ जणांवर झालेला प्रयोग २००३ मध्ये छापून आला. निम्म्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या गोळ्या, निम्म्यांवर नुसतं लक्ष. आयुष्यमानात फरक पडला नाही.

पाठभेद
‘प्रॉग्नोसिस’बद्दल. ग्रीक ‘प्रो’ आणि आपला ‘प्र’ एकाच घरचे, ‘ग्नोसिस’ आणि ‘ज्ञा’ही. म्हणून कुणी ‘प्राग्ज्ञान’ वगैरे बनवेल, पण बनवू नये. आयुर्वेदात यासाठी घडीव शब्द आहे, साध्यासाध्यता. नुसतं बरा होणार की नाही एवढंच नाही, चार कप्पे आहेत. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि ज्याला वैद्याने हात लावू नये तो. तिसरा कप्पा बघा. याप्य म्हणजे पुरता बरा न होणारा, पण पथ्य आणि उपचार चालू असेतो ताब्यात राहणारा आजार. प्रमेहाचे पित्तज प्रकार याप्य मानलेत.

‘या’ म्हणजे जाणे, त्याचं प्रयोजक ‘यापयति’, घालवतो, निभावून नेतो. कालयापनमधला तोच. सुश्रुताने दिलेली उपमा तर अशी आहे की पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा धरून ठेवतो, तसा उपचार याप्य रोग्याला धरून ठेवतो.

तिरफळ
टेकू! पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीला लावतात तो. वीस वर्षं तोच टेकू आहे, पडवीही आहे.

कोरा कागद
याप्य सुंदर आहे पण आत्याला कळणार नाही. मलाही आज कळला. ‘निभावण्याजोगा’ म्हटलं तर?

पाठभेद
चालेल. याप्यचं मराठी तेच. एक सावधगिरी मात्र, ‘अरिष्ट’च्या वाटेला जाऊ नका. वैद्यकात अरिष्ट म्हणजे मरण जवळ आल्याचं लक्षण, बोलण्यात संकट, आणि दुकानात बाटलीतलं दशमूलारिष्ट. एका शब्दाने तीन घरं फिरल्यावर त्याच्यावर भरवसा कसा ठेवणार.

उंबरठा
मी या धाग्यावर एरवी नुसती वाचते. मला हाच आजार आहे. नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली साडेतीन वर्षं एकही औषध नाही.

तुम्ही इंडोलंटवर एवढा वेळ घालवलात, पण मला रडवलं ते दुसऱ्याच शब्दाने. निदानाच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, ‘फाइव्ह इयर सर्व्हायव्हल चांगलं आहे.’ त्यांना वाटलं धीर दिला. मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, ‘पाच वर्षं आहेत.’ धाकटीची दहावी, मोठीचं लग्न, सगळं मी बोटांवर मोजून पाच वर्षांत बसवलं. दोन महिन्यांनी पुतणीने समजावलं की पाच वर्षं ही मुदत नाही, पाच वर्षांनी डोकी मोजली तेव्हा कितीजण होते एवढाच तो हिशेब आहे. सहावं वर्ष त्यांनी त्या तक्त्यात विचारलंच नव्हतं.

याला मराठी शब्द असाच हवा की ऐकणाऱ्याला मुदत वाटू नये. ‘पाच वर्षांचं जगणं’ नको, ‘पंचवार्षिक’ तर नकोच नको.

सूक्ष्मदर्शी
उंबरठाताई, हे मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आम्ही रोज हा शब्द वापरतो आणि समोरचा काय ऐकतो हे विचारत नाही. ‘मीडियन’चंही तसंच. दहावीच्या पुस्तकातला मध्यक. मध्यक पंधरा वर्षं म्हणजे निम्मे लोक पंधराच्या पुढे गेले. लोक ऐकतात ‘पंधराव्या वर्षी’.

रानवाट
‘हयात’ घ्या. ‘पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण’. दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देतात की नाही? तो कुणाला मुदत वाटत नाही. यंदा दिला, पुढच्या वर्षी परत द्यायचा.

उंबरठा
हयात. हो. हे चालेल. मला आधी कुणी असं सांगितलं असतं तर मोठीचं लग्न एवढ्या घाईत नसतं झालं. (जावई चांगला निघाला, तो भाग वेगळा.)

आणि ते ‘वॉच अँड वेट’, औषध न देता नुसतं लक्ष ठेवणं. आमच्याकडे सगळे त्याला ‘काही करत नाहीयेत’ म्हणायचे. सासूबाईंनी तर डॉक्टरांनी हात टेकले असा अर्थ काढला. ‘वाट बघणे’ वाईट आहे, कशाची वाट? मरणाची? मी स्वतःपुरता ‘राखण’ म्हणते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून राखण करतात. बसलेला माणूस काही करत नाही असं दिसतं, पण गोफण हाताशी असते.

तिरफळ
राखण! उठून उभा राहिलो. आणि वर मी अवधान म्हटलं होतं, त्याचा दुसरा अर्थ लक्ष. जांघेतलं अवधान आणि मनाचं अवधान. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत असा माझा दावा नाही, पाठभेद कान धरतील.

पाठभेद
धरतोच आहे. दावा नाही म्हणालात म्हणून सोडतो.

सूक्ष्मदर्शी
राखणीच्या काळात काहींच्या गाठी आपोआप लहान होतात हेही पानावर असू द्या. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये औषधाविना ठेवलेल्या ८३ जणांची हकीकत छापली, त्यातल्या १९ जणांच्या गाठी काही काळ ओसरल्या होत्या. ‘बऱ्या झाल्या’ लिहू नका, ‘ओसरल्या’ लिहा. पूर ओसरतो तसं, नदी तिथेच असते.

रिलॅप्सला शब्द हवा असेल तर नवा घडवायची गरज नाही. ताप उलटतो, टायफॉइड उलटतो. हाही उलटतो. आणि रेमिशन म्हणजे उतार पडणं. आमच्या आज्या हे दोन्ही शब्द रोज वापरायच्या.

कधी उलटला हे मात्र महत्त्वाचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ५८८ रुग्णांचा अभ्यास आला, सगळ्यांना पहिला उपचार आर-चॉप, म्हणजे रिटुक्सिमॅब आणि केमो एकत्र. जवळपास १९ टक्के जणांत आजार दोन वर्षांच्या आत वाढला. त्या गटात पाच वर्षांनी हयात ५० टक्के, बाकीच्यांत ९० टक्के. आज आम्हाला सगळ्यात जास्त सांगणारी खूण हीच. पण ती भाकीत नव्हे. उपचार देऊन दोन वर्षं गेल्याखेरीज ती दिसतच नाही.

पाठभेद
म्हणजे फ्लिपी हा आडाखा आणि ही झाली प्रचीती. ‘प्रॉग्नोसिस’ला मग मी ‘आडाखा’ सुचवतो. भाकीत करणारा चुकला तर खोटा पडतो, आडाखा बांधणारा पुन्हा बांधतो.

रानवाट
मी ‘होरा’ सुचवणार होतो, पण पंचांगावरून आधीच एक झालाय.

कोरा कागद
पान लिहून झालं. काल आत्येभावाने वाचून दाखवलं. महत्त्वाची वाक्यं अशी :

‘हा मवाळ पण चिवट जातीचा कर्करोग आहे. सावकाश वाढतो. सहसा मुळापासून जात नाही, पण निभावता येतो. तुझ्या वयावरून, रक्तावरून आणि पसरण्यावरून डॉक्टरांनी एक आडाखा बांधलाय, त्यात तू जास्त जोखमीच्या गटात येतेस. तो गट शेकडो माणसांचा आहे, तुझा एकटीचा नाही. त्याचे छापील आकडे १९८५ ते १९९२ च्या रुग्णांचे आहेत, तेव्हा आजचं औषध नव्हतं. गाठी लहान आहेत आणि त्रास नाही, म्हणून सध्या राखण. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं किंवा गाठ झपाट्याने वाढणं यातलं काही दिसलं तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच जायचं.’

आत्याने पान हातात घेऊन स्वतः परत वाचलं. पेन मागितलं. ‘निभावता येतो’ खोडून ‘निभतो’ केलं. म्हणाली, ‘येतो काय, आपोआप येतो का? मी निभावणार.’ मग तेही खोडून ‘निभावायचा’ केलं.

पाठभेद
अर्थाने विध्यर्थच. बरोबर आहे त्यांचं.

उंबरठा
त्यांना माझा नंबर द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.