मदत हवी आहे: पियानोप्रधान अल्बमवर लिहायचंय

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरहून. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पियानोवर उभ्या असलेल्या पॉप-रॉक अल्बमांवर लेख लिहितोय. एल्टन जॉनचा 'गुडबाय यलो ब्रिक रोड' (१९७३) आणि बिली जोएलचा 'द स्ट्रेंजर' (१९७७) लिहून झाले.

अडलंय ते कीन या इंग्लिश बँडच्या 'होप्स अँड फिअर्स'पाशी (२००४). त्यात लीड गिटार नाही, ती जागा पियानोच भरतो, आणि काय सुंदर भरतो! पण खालच्या सुरांत बास गिटार कुठली आणि पियानोचा डावा हात कुठला, हे मला सुटं करता येत नाही. आमचे कान ख्याल आणि पेटीवर तयार झालेले. पेटीत डावा हात भात्यावर, सूर सगळे उजव्याचे.

पियानो वाजवणाऱ्यांनी कृपया सांगा, ऐकताना नेमकं काय धरायचं? बेन फोल्ड्स फाइव्ह या अमेरिकन बँडचा १९९५चा पहिला अल्बमही घेऊ का?